घोंगडीतलं कोकरू

साखराबाईला कुणी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. लांडग्यामागं ती काठी घेऊन पळाली होती, तलाठ्याला तिनं भर चावडीत "तुपल्या लेखणीला वाळवी लागो" असं सुनावलं होतं, आणि नवरा बंकट गेल्यावर कळप नि दोन लेकरं एकटीनं ओढली होती. तेलगावच्या अलीकडं तिची वस्ती. तिथल्या बाया तिच्या दारापुढून भांडत जायच्या तरी आवाज खाली करून जायच्या. म्हणून त्या बुधवारी धाकट्या लेकानं, लखननं, चहा पिता पिता एक बातमी सांगितली आणि साखराबाईच्या हातातलं पातेलं निसटून पडलं, तेव्हा त्याला वाटलं म्हातारीला चक्कर आली.

बातमी एवढीच होती. "माय, ताईचं नवं नाटक शनिवारी आपल्याच शाळंच्या मैदानावर हाय. बीडहून पोरं घेऊन येतीय. आणि नाटक कुणावर हाय, सांग बरं? तुझ्यावर!"

"मपल्यावर? म्या काय दिवे लावलेत नाटक करण्याजोगे?"

"ते ओढ्याचं. ताई लहानपणी पाण्यात अडकलती ना, ते."

पातेलं तेव्हा पडलं. लखन उठून पाणी आणायला धावला. "काही न्हाई रे," साखराबाई म्हणाली, "हात ओला होता." हात कोरडाठक्क होता.

ओढ्याचं म्हणून जे जगाला ठाऊक होतं ते असं. चौतीस वर्षांमागं, संगीता साडेचार वर्षांची असताना, बंकटचा वाडा माजलगावच्या खालच्या अंगाला एका कोरड्या ओढ्यात उतरला होता. वाडा म्हणजे भिंती-दारांचा नव्हे. मेंढक्यांचा फिरता संसार, घोड्यावरचं ओझं, तीन दगडांची चूल नि मेंढरं. हिवाळ्याचे दिवस. वर झोंबरं वारं, ओढ्यात मात्र ऊब. कालव्याचं जादा पाणी त्याच ओढ्यात सोडतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण हे वाटेचे मेंढके, यांना कोण सांगणार नि हे कुणाला विचारणार? बंकट घोडं नि कळप घेऊन पलीकडच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला गेला होता. दिवस मावळायला पाणी आलं. साखराबाई पोरीचा हात धरून पलीकडं निघाली, पोरगी भ्याली, हात सोडून मागं पळाली, आणि सकाळपर्यंत उंचवट्यावरच्या ओझ्याच्या ढिगावर बसून राहिली. भोवतीनं पाणी. कालव्याची राखण करणारा म्हाळू पाटकरी सकाळी फेरीला आला, त्यानं तिला पाहिलं नि खांद्यावर घालून आणली.

हे जगाला ठाऊक होतं, कारण हे साखराबाईनं सांगितलं होतं.

खरं निराळं होतं. पोरीच्या अंगात ताप होता. साखराबाईनं तिला काळ्या घोंगडीत गुंडाळून निजवलं होतं आणि त्याच घोंगडीत तिच्या पोटाशी पाय मोडलेलं एक काळं कोकरू ठेवलं होतं. थंडीत लेकरू नि कोकरू एकमेकांची ऊब घेतात, मेंढक्यांत ही रीतच आहे. ताप उतरला, घाम फुटला, तशी पोरगी घोंगडीतून सरकली आणि ओझ्याच्या आडोशाला जाऊन झोपली. पाण्याचा आवाज आला तेव्हा साखराबाई चुलीशी होती. ती धावली, घोंगडी होती तशी कवळ्यात घेतली नि पाण्यात शिरली. काडीसारखी हलकी पोर, थोराड कोकरू, वजन सारखंच. अंधारून आलेलं, काळजाचं पाणी झालेलं. पलीकडच्या काठावर घोंगडी सोडली तर आत कोकरू.

बंकट शेतातून पळत आला. "पोर कुठंय?" त्यानं विचारलं.

"हात सोडून पळाली."

तीन शब्द. साखराबाईनं ते ठरवून काढले नव्हते, तोंडातून पडले. पण सकाळी म्हाळूनं पोरगी आणून उभी केली तेव्हा बंकटनं तिला आधी पोटाशी धरलं नि मग त्याच तीन शब्दांपायी फाडकन मुस्काटात दिली. साखराबाई बघत राहिली. त्या दिवसापासून पोरीचं नाव पळपुटी पडलं. वस्तीवर, भावकीत, लग्नकार्यात, "आली का गं पळपुटी?" पोरगीही हसून म्हणायची, "आले." तिलाही ते खरंच वाटत होतं. साडेचार वर्षांच्या लेकराला काय आठवणार? माय म्हणाली हात सोडला, म्हणजे सोडला असणार.

यात अजून एक गोष्ट होती. ती साखराबाई स्वतःच्या मनालासुद्धा सांगत नसे.

आता शनिवारी हे सगळं नाटकात येणार होतं. संगीताला कळलं असेल का? कुठून कळेल? बंकट गेला, म्हाळू गेला. पण कवी लोकांचा काय भरवसा, साखराबाईला वाटलं, ह्यांना न सांगितलेलंही कळतं. आणि कळलं असेल तर लेक तुटली. लोकांचं सोडा, लोकांना तिनं कधी मोजलं नव्हतं. पण संगीता परत दारात पाय ठेवणार नाही, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

संगीता जन्मली तीच काळी. सावळी नाही, गव्हाळ नाही; काळी. शेजारची सुंदरबाई बाळंतिणीला बघायला आली नि म्हणाली, "अगं, कढई घासायची राहिली का?" साखराबाईनं बाजेवरूनच तोंड उघडलं, "तुपली गोरी हाय ना, मग घरात दिवा लावू नकोस, रॉकेल वाचंल." पोरीची बाजू ती अशी घ्यायची. तोंडानं तिनं लेकीला कधी उणं पडू दिलं नाही.

ओढ्यानंतर दोन वर्षांनी तिनं पोरीला आश्रमशाळेत घातलं. वस्ती हसली. "मेंढरांना बाराखडी शिकवायची काय?" बंकट चिडला. साखराबाई हटली नाही. पुढं संगीताचं नाव झालं तेव्हा पेपरात छापून आलं की निरक्षर समाजातल्या एका आईनं लेकीला शिकवलं, केवढी तिची दृष्टी! लखननं ते कात्रण भिंतीला लावलं. साखराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायची आणि एकटी असली की त्याच्याकडं पाठ करून बसायची. दृष्टी कसली? पोरगी समोर आली की तिचा तो मार खाल्लेला गाल दिसायचा. ती नजरेआड व्हावी म्हणून धाडली होती, बाकी काही नाही.

आश्रमशाळेत संगीता वह्यांच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहायची. बीडला कॉलेजात गेली तेव्हा एका बाईंनी तिला सातासमुद्रापलीकडच्या काळ्या बायांच्या कवितांचं भाषांतर वाचायला दिलं. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. पुढं एका कविसंमेलनात ती माइकपुढं उभी राहिली नि म्हणाली, "मी काळी कवयित्री." लोक खो-खो हसले. मग तिनं कविता म्हटली, आणि हसणं मागच्या रांगेपासून पुढं येत येत थांबलं. लखन तिथं होता, त्यानं सांगितलं. साखराबाई आधी भडकली, "आपल्या तोंडानं कशाला सांगायचं? लोकांस्नी डोळे न्हाईत का?" पण मग तीही बाजारात कुणी विचारलं की ठसक्यात सांगू लागली, "ती काळी कवयित्री हाय ना, ती मपली लेक."

पुस्तक निघालं, 'काळी लोकर'. साखराबाई दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. अक्षराला अक्षर जोडत तिनं त्यातल्या एका कवितेच्या दोन ओळी वाचल्या नि पुस्तक मिटून कणगीवर ठेवलं ते ठेवलंच:

सांजेला मोजताना मी कळपात भरले नाही,
म्हणून आले शिकत मी एकटीच मोजायाला.

नाटकं आली. पहिल्या नाटकात संगीतानं रंगमंचावर खरी मेंढी आणली, तिनं पाहुण्यांच्या गळ्यातला हार खाल्ला. त्या हारापायी नाटक जिल्हाभर गाजलं. दुसऱ्याला बक्षीस मिळालं. मधल्या काळात एका शाळेत ती चित्रकला नि नाटक शिकवायची. ती नोकरी सोडून तिनं बीडच्या बसस्थानकाजवळ एक खोली घेतली. वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांची शिकवणी, खाली हिचा नाट्यवर्ग. वर पाठांतर चालायचं, खाली पोरं कुत्र्या-मांजरांसारखी चार पायांवर फिरायची. पोरांना ती कुंभाराकडं न्यायची, ऊसतोडीच्या बायांकडं न्यायची, आणि त्या माणसांना म्हणायची, "तोंडानं नको, अंगानं सांगा. मोळी कशी उचलता, दाखवा." लग्न तिनं केलं नाही. त्यावर कुणी बोललं की साखराबाई म्हणायची, "तुमच्या घरची जेवती का ती?"

असं सगळं. अभिमानानं छाती फुगावी असं. आणि आता त्याच छातीत शनिवारचा धसका बसला होता.

गुरुवारी सकाळी नळावर सुंदरबाईनं गाठलंच. "काय बाई, आता तर नाटकात आलीस! आमाला कवा कोण घेणार?"

"तुला घ्यायची गरजच काय? तू घरी रोज करतीस."

बाया हसल्या. साखराबाईही हसली. पण हंडा डोक्यावर घेताना अर्धं पाणी अंगावर आलं.

दुपारी टेम्पो आला. संगीता उतरली, मागोमाग आठ पोरं. मायच्या पाया पडली, उठताना तिनं मायचे दोन्ही हात धरले नि म्हणाली, "हात किती गार पडलेत गं!"

साखराबाईनं हात काढून घेतले. "भांडी घासत होते. जेवली का पोरं?"

पोरं ओसरीवर पिठलं-भाकरीला बसली. त्यातली सगळ्यात धाकटी सत्यशीला, नऊ वर्षांची, दातात फट, नाटकात संगीताचं काम करणार होती. साखराबाई तिला वाढताना तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत होती. पोरं हात धुवायला गेली तशी ती लेकीजवळ सरकली.

"काय काय हाय गं नाटकात?"

"शनिवारी बघ की."

"आधी सांग. मपल्यावर हाय म्हणं."

"नाव घेतलं न्हाई तुझं. पण समद्यांना कळंल."

"काय कळंल?" साखराबाईचा आवाज चिरकला.

संगीता हसली. "किती घाबरतीस! तू केवढी हायेस ते कळंल."

आता याचा अर्थ काय लावायचा? केवढी म्हणजे केवढी? लेकीच्या हसण्यात काही दडलंय का, हे तिनं निजेपर्यंत हुडकलं. संगीता भाकरी मोडताना, पोरांच्या वेण्या घालताना, लखनशी थट्टा करताना, साखराबाईची नजर तिच्यावर. एकदा संगीता अचानक वळली नि म्हणाली, "काय गं?" साखराबाई म्हणाली, "केस पांढरं व्हायलेत तुझं." आणि चुलीत नसलेला जाळ फुंकत बसली.

शुक्रवारी सकाळी लखन पोरांना कळप दाखवायला माळावर घेऊन गेला, संगीताही गेली. तिची पिशवी खुंटीला होती, पिशवीत नाटकाची वही. साखराबाईनं दाराला आतून कडी घातली. आपल्याच घरात चोरी करायची वेळ आली होती.

बोट ठेवून ती वाचू लागली. संगीताचं अक्षर गोल, टपोरं. तरी एकेका ओळीला घाम फुटत होता. चूल होती. घोंगडी होती. ताप नव्हता, कोकरू नव्हतं. बाहेर वाजलं की ती वही पदराखाली घ्यायची, कोंबडी निघाली की परत काढायची. मग ते पान आलं. पाण्याचा आवाज. माय मुलीचा हात धरते. पाण्यात उतरते. मुलगी हात सोडते. मागं पळते. माय हाका मारते.

आणि शेवटच्या पानावर मुलगी मोठी झालेली, एकटी पुढं येते नि म्हणते: माय, हात मी सोडला. तू धरला होतास. आयुष्यभर तुझ्या जिवाला मी घोर लावला. मला माफ कर.

साखराबाईनं वही मिटली. सुटले, असं तिच्या ओठांवर आलं. खरोखरच आलं. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. उलट सगळा गाव उद्या तिच्या नावानं टाळ्या वाजवणार होता.

तिनं वही पिशवीत ठेवली, कडी काढली, भाकरीचं पीठ परातीत घेतलं. पीठ मळता मळता तिचे हात थांबले. भर गावापुढं मपली लेक हात जोडून माफी मागणार, जिनं काही केलंच न्हाई ती. आणि म्या पुढच्या रांगेत बसून डोळं पुसणार. आतापर्यंतची भीती कळून येईल याची होती. आता न कळण्याची भीती वाटू लागली, आणि ही आधीच्यापेक्षा मोठी निघाली, कारण हिच्यातून सोडवायला कुणी दुसरा येणार नव्हता. सांगितलं तर लेक जाणार. नाही सांगितलं तर लेक राहणार, पण माफी मागत राहणार. पिठाचा गोळा तसाच राहिला. दुपारची भाकर लखनच्या बायकोनं थापली.

ऊन कलल्यावर शाळेच्या मैदानावर तालीम लागली. साखराबाई नको नको म्हणत असताना संगीतानं तिला नेलं नि लिंबाखाली सतरंजीवर बसवलं. पोरांनी चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या, मधला तो ओढा. माय झालेली मुलगी सत्यशीलेचा हात धरून रेघेत उतरली नि बाजारातून फिरावं तशी चालत पलीकडं निघाली.

"थांब, थांब," संगीता म्हणाली. "हे पाणी हाय का डांबरी रस्ता? माय, ऊठ जरा. यांना दाखव, पाण्यातून बाई कशी जाती ते."

साखराबाईनं सतरंजी सोडली नाही. "गुडघं दुखत्यात मपले."

"दोन पावलं फक्त."

"आजी, दाखवा ना!" पोरांनी गलका केला. सत्यशीला धावत आली नि तिनं आपला हात साखराबाईच्या हातात घातला. लहानसा, घामेजलेला, ऊन ऊन हात.

ती उठली. रेघेपाशी गेली. तोंडानं सांगायचं असतं तर तिनं तासभर सांगितलं असतं; चौतीस वर्षं सांगतच आली होती. पण आता चालायचं होतं. पोरीचा हात धरून पाण्यातून कसं चालतात? तिच्या अंगाला ते ठाऊकच नव्हतं. ती कधी तशी चाललीच नव्हती. तिनं एक पाऊल टाकलं, आणि हातातला हात सुटून तिचे दोन्ही हात आपोआप छातीशी गेले, कवळा धरल्यासारखे. ती थांबली. हात खाली घेतले. परत पोरीचा हात धरला. परत पाऊल टाकलं. परत तेच.

"माय," संगीता म्हणाली, "तू हात धरत न्हाईस. उचलतीस."

"मग काय करू?" साखराबाई खेकसली. "छातीएवढ्या पाण्यातून एवढ्याशा पोरीला हात धरून नेतेत का? वाहून जाईल ना ती! उचलावंच लागतं."

"ते बरोबर हाय." संगीतानं वही काढली, पेन्सिलीनं काही खोडलं. मग तिची पेन्सिल हवेत राहिली. "माय, पण तू मला उचललं होतंस, तर म्या हात सोडून पळाले कशी?"

पोरांना काही कळलं नव्हतं, ती आजीकडं बघत होती. साखराबाईच्या जिभेवर दुसरं खोटं तयार होऊन आलंही: मधीच उतरलीस, लाथा झाडल्यास. तेवढं म्हटलं की झालं. शनिवार सरेल, टेम्पो जाईल, लेक दिवाळीला येईल.

सत्यशीलेनं तिचा पदर ओढला. "आजी, मी कुठं पळायचं? इकडं का तिकडं?"

"कुठंच न्हाई," साखराबाई म्हणाली. "तू पळाली न्हाईस."

मग तिनं सांगितलं. संगीताकडं बघून नाही, त्या पोरीच्या दातातल्या फटीकडं बघून. ताप, घोंगडी, कोकरू, ओझ्याचा आडोसा. बंकटनं विचारलं ते नि तिच्या तोंडून पडलं ते. सांगताना मधेच शब्द हरवत होता, आणि या बाईला बोलताना शब्द हरवलेला वस्तीनं कधी ऐकला नव्हता.

संगीता म्हणाली, "पोरांनो, नळावर जाऊन पाणी पिऊन या."

"तहान न्हाई ताई."

"तरी जा."

पोरं गेली. संगीता जिथं होती तिथंच खाली बसली, चुन्याच्या रेघेवर. मग तिनं विचारलं, "काठावर गेल्यावर कळलं तुला?"

इथं हो म्हणता आलं असतं. चूक होती, अंधार होता, काठावर कळलं. कोणत्याही आईला माफ करता येईल एवढी ती चूक होती.

"न्हाई," ती म्हणाली. "मधीच. मधी गेले तवा ते वरडलं. कोकराचं वरडणं म्हाईत न्हाई का मला? तवाच कळलं."

"मग?"

"मागं बघितलं. काठ दिसंना. पाणी हितवर." तिनं गळ्याशी हात नेला. "वाढत होतं."

"मग?"

"मग पुढं गेले."

"का? कावून?"

लांडग्यापुढं न आलेलं, तलाठ्यापुढं न आलेलं, नवऱ्याच्या चितेपुढंही न आलेलं असं काहीतरी तिच्या तोंडी आलं. "भ्याले," ती म्हणाली. "मरायला भ्याले मी, संगे."

संगीता उठली. साखराबाईला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिला ते हवं होतं. पण संगीतानं कपड्यांना लागलेला चुना झटकला, वही घेतली, नि पोरं गेली होती त्या बाजूला चालू लागली. त्या दिवशी ती घरी आली नाही. पोरांबरोबर शाळेच्या खोलीत राहिली. लखन डबा घेऊन गेला, तो तसाच परत आला. "पोरांनी खाल्लं. ताईला भूक न्हाई म्हणं. काय झालं माय?"

"उद्या कळंल," साखराबाई म्हणाली.

शनिवारी पाच वाजता सगळा गाव मैदानावर. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, मागं बाया सतरंज्यांवर. नाही गेलं तरी चाललं असतं. लखन म्हणाला, बरं वाटत नसंल तर राहा. साखराबाई गेली. मागं भिंतीकडं जागा होती, तिथं ती बसली नाही. बायांच्या पहिल्या रांगेत बसली, कारण मागं बसली असती तर मधेच उठून पळाली असती, हे तिला ठाऊक होतं.

घोंगडी आली. घोंगडीत सत्यशीला आणि कापडी कोकरू. सत्यशीला झोपेत सरकत सरकत ओझ्याआड गेली. बायांत कुजबुज सुरू झाली. माय धावली, घोंगडी उचलली, पाण्यात शिरली. आता ती मुलगी बाजारातून चालल्यागत चालत नव्हती. मधोमध ती थांबली. कोकराचं ओरडणं झालं. तिनं मान मागं वळवली, आणि उभी राहिली. किती वेळ! साखराबाईला वाटलं, जा गं बाई मागं, जा ना. मुलगी पुढं गेली.

शेवटी माफी नव्हती. मोठी झालेली मुलगी पुढं आलीच नाही. काठावर कोकरू नि माय, अलीकडं ओझ्यावर लहानगी, एवढंच राहिलं आणि पोरांनी वाकून नमस्कार केला. टाळ्या लगेच आल्या नाहीत.

सुंदरबाईनं मान वळवली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "साखरे, हे खरं हाय?"

साऱ्या रांगेचे डोळे तिच्यावर आले. "खरं हाय," साखराबाई म्हणाली. "ती मीच. आणि मपल्या लेकीला पळपुटी म्हणायचं नाव आजपासून कुणी काढायचं न्हाई. म्हणायचंच असंल तर मला म्हणा."

बाया उठल्या, काही तिला ओलांडून गेल्या, काही वळसा घालून.

टेम्पोत सामान चढत होतं. साखराबाई तिथवर गेली. संगीता घोंगडीची घडी घालत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"आबांनी मला मारलं, तवा तू कुठं होतीस?"

"तिथंच. बाजूला."

"एक शब्द बोलली असतीस."

"व्हय. बोलायला पायजे होतं."

घडी चुकली, संगीतानं ती उलगडून परत घातली. "मला तुझ्याकडं बघवत न्हाई माय. कवा बघवंल सांगता येत न्हाई."

"नको बघूस."

"पुढचा प्रयोग माजलगावला हाय, महिन्यानं. हाच, असाच." तिनं घडी टेम्पोत टाकली. "मधी थांबायचं ते पोरीला अजून नीट जमंना. तू येऊन दाखवणार असशील तर ये."

माजलगाव. ओळखीचं ना पाळखीचं, शंभर लोक, आणि त्यांच्यापुढं पुन्हा त्या पाण्यात उतरायचं, पुन्हा मागं बघायचं.

"येते," ती म्हणाली.

टेम्पो गेला. सत्यशीलेनं मागच्या फळीवरून हात हलवला. संगीता पुढं बसली होती, ती दिसली नाही. लखन जवळ आला, त्यानं आईच्या कोपराला धरलं. "चल माय, घरी."

"थांब जरा," साखराबाई म्हणाली. "पाय कापत्यात. थांबू दे त्यांना."